सोलापूरकर लसीबद्दल मोबाईलला काय विचारतात, ते एकदा वाचा

प्रति,
मा. आरोग्याधिकारी, सोलापूर महानगरपालिका
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर
तसेच लसीकरणाच्या जिल्हा व शहर कृती दलाचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

लसीकरणाच्या आढाव्यात लाभार्थी किती आणि डोस किती झाले, हे दोन आकडे नेहमी असतात. तिसरी एक गोष्ट त्यात यावी म्हणून हे पत्र. डोसाच्या आदल्या रात्री आणि डोस झाल्यावर त्याच रात्री घरातली माणसे मोबाईलवर काय शोधतात, याची दर आठवड्याची एक पानी यादी करावी आणि त्या प्रश्नांची उत्तरे महापालिकेने व जिल्हा परिषदेने स्वतः द्यावीत. याला नवा निधी लागत नाही. एक शिकलेला माणूस, आठवड्यातले दोन तास आणि उत्तर तपासून सही करणारा एक वैद्यकीय अधिकारी एवढे पुरते.

आधी एक प्रश्न जवळून पाहू. सहा आठवड्यांच्या बाळाला पेंटाव्हॅलंटचा (पाच रोगांवरची एकत्र लस, बोलीत ‘पेंटा’) पहिला डोस मिळतो. डाव्या मांडीत ०.५ मिली. सोबत पोलिओचे दोन थेंब, रोटाव्हायरसची लस, उजव्या मांडीत न्यूमोकोकलची लस आणि उजव्या दंडावर कातडीत एफआयपीव्ही, म्हणजे पोलिओचीच टोचून द्यायची लस, ०.१ मिली. संध्याकाळी अंग तापते, मांडी लाल होते, बाळ पाय हलवू देत नाही. सिस्टरने ‘ताप आला तर पॅरासिटॅमॉल द्या’ असे सांगितलेले असते. रात्री दहाला वडील मोबाईलवर टाकतात, ‘बाळाला तापाचे औषध किती मिली’.

आता बाजारातल्या बाटल्या पाहा. थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीला २५०. पाच किलोच्या बाळाला एका वेळी ५० ते ७५ मिलिग्रॅम लागते. समजा ६० द्यायचे आहेत. थेंबांतून ते ०.६ मिली होते, १२० च्या सिरपमधून २.५ मिली आणि २५० च्या सिरपमधून १.२ मिली. वडिलांना पडद्यावर ‘२.५ मिली’ दिसले आणि घरात थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात २५० मिलिग्रॅम जाते, म्हणजे हव्या त्याच्या चौपटीहून जास्त. उलट बाजूने, कुणी ०.६ मिली वाचून तेवढेच सिरप दिले तर ताप उतरत नाही, बाळ रात्रभर रडते आणि दहाव्या आठवड्याच्या डोसाला आजी ‘नको’ म्हणते. इंटरनेटवर ‘मिली’ सांगणारी पाने भरपूर सापडतात. ‘आधी बाटलीवरचे मिलिग्रॅम वाचा’ हे पहिल्याच ओळीत सांगणारी मराठी पाने फारच थोडी.

हा माणूस लसीच्या विरोधात नाही. त्याने बाळाला डोस देऊन आणलेला आहे, त्याला रात्र काढायची आहे. शोधांची आकडेवारी वाचताना सर्वांत मोठी चूक होते ती नेमकी इथे. ‘लस’ आणि ‘साईड इफेक्ट’ हे शब्द एकत्र दिसले की शंकेखोर वाढले, अफवा पसरली, असा निष्कर्ष काढला जातो. ‘ताप किती दिवस राहतो’, ‘गाठ कधी जाते’, ‘लस दिल्यावर अंघोळ घालावी का’ हे डोस झाल्यानंतरचे प्रश्न आहेत. ‘लस दिल्याने काही होते का’, ‘लस नाही दिली तर चालेल का’ हे आधीचे आहेत. ‘जवळचे लसीकरण केंद्र’, ‘डोस कोणत्या वारी असतो’ हे विचारणाऱ्याचा निर्णय झालेला आहे, त्याला फक्त पत्ता हवा आहे. गुगलने २०२१ मध्ये कोविड लसीच्या शोधांचा आकडेवारीसंच अमेरिकेसाठी खुला केला, तेव्हा त्यांनीही तीन कप्पे केले होते: लसीकरणाबद्दलचे सगळे शोध, लस घेण्याच्या इराद्याचे शोध, आणि सुरक्षितता व दुष्परिणामांचे शोध. आपल्या यादीत ‘डोसाआधीची शंका’, ‘डोसानंतरची काळजी’ आणि ‘कुठे, कधी, किती वाजता’ असे तीन रकाने ठेवावेत. तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत आणि ती देणारी माणसेही वेगळी आहेत. पहिल्याला डॉक्टर लागतो, दुसऱ्याला सिस्टर, तिसऱ्याला वेळापत्रक अद्ययावत ठेवणारा कारकून.

दुसरी गोष्ट म्हणजे शोधांची लाट रोगाच्या मागे जात नाही, बातमीच्या मागे जाते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, मग मालेगाव, भिवंडी. बातम्या सुरू झाल्या की ज्या गावात एकही रुग्ण नाही तिथेही ‘गोवर लक्षणे’ शोधले जाते. बातमी थांबली की शोध थांबतात आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस चुकलेली मुले मात्र तशीच राहतात.

फेब्रुवारी २०२४ चे उदाहरण आणखी शिकवणारे आहे. १ तारखेला केंद्राच्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याला प्रोत्साहन देण्याचा उल्लेख झाला. २ तारखेला एका अभिनेत्रीचा याच कर्करोगाने मृत्यू झाल्याची बातमी पसरली, ती ३ तारखेला खोटी ठरली. त्या दोन-तीन दिवसांत या रोगाचे आणि लसीचे शोध देशभर उसळले. आलेखात एकच टोक दिसते. अर्थसंकल्पामुळे किती आणि त्या बातमीमुळे किती, हे आलेख सांगत नाही. ते कळायला सोबत शोधलेल्या वाक्यांची यादी उघडावी लागते. त्यात अभिनेत्रीचे नाव असलेली वाक्ये वेगळी काढली की उरतात कामाचे प्रश्न: ‘कोणत्या वयात’, ‘किती डोस’, ‘किंमत किती’, ‘लग्न झालेल्यांना चालते का’. त्या आठवड्यात या चार प्रश्नांची सोपी मराठी उत्तरे ज्याच्याकडे तयार होती, त्याला श्रोते आपणहून चालत आले.

तिसरी लाट एप्रिल २०२४ च्या अखेरीस आली. ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीने ब्रिटनमधल्या न्यायालयात दिलेल्या कागदपत्रात तिच्या कोविड लसीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात, असे मान्य केल्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडची कोविशिल्ड तीच लस. खरे तर हे २०२१ पासून माहीत होते. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या तज्ज्ञ समितीने कोविशिल्डबाबत असा संभाव्य त्रास दहा लाख डोसमागे ०.६१ असा नोंदवलेला होता. हा त्रास झालाच तर लसीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. म्हणजे २०२१ मध्ये डोस घेतलेल्या आणि तेव्हा ठणठणीत राहिलेल्या माणसाने तीन वर्षांनी त्यापायी घाबरण्याचे कारण नव्हते. हे दोन वाक्यांचे उत्तर होते आणि ते पहिल्या दिवशी पाहिजे होते. अशी लाट चार-सहा दिवसांत ओसरते. उत्तर आठवड्याने आले तर ते वाचायला कुणी नसते, पण मनात बसलेली भीती पुढच्या डोसाला, घरातल्या वेगळ्याच बाळाच्या वेगळ्याच लसीला आडवी येते. म्हणून आमची विनंती अशी: राष्ट्रीय पातळीवर लसीची मोठी बातमी आली की त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सोलापूरच्या आरोग्य विभागाचा चार ओळींचा मजकूर निघावा. पूर्ण माहिती नसेल तर जेवढी पक्की आहे तेवढीच द्यावी आणि पुढची कधी देऊ ते लिहावे.

आता मर्यादा. शोधांवरून किती बाळे लस घेतील, साथ कुठे येईल असे भाकीत करू नका. गुगलने २००८ मध्ये फ्लूचा अंदाज शोधांवरून सांगणारी सेवा काढली होती. सुरुवातीला ती बरोबर चालली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिने अमेरिकेत फ्लूसाठी डॉक्टरकडे जाणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट दिला. बातम्यांमुळे निरोगी माणसेही ‘फ्लू’ शोधत होती. २०१५ मध्ये सेवा बंद झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या शोधयंत्राला जमले नाही ते एका जिल्ह्याच्या तुटपुंज्या आकड्यांवर जमणार नाही. लोकांना काय समजलेले नाही, एवढे मात्र शोध चांगले सांगतात.

प्रत्यक्ष कसे पाहायचे, ते जरा सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात.

गुगल ट्रेंड्स हे कोणता शब्द केव्हा आणि कुठे किती शोधला गेला ते दाखवणारे साधन फुकट आहे. त्यात दिसणारा ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नाही. त्या ठिकाणच्या एकूण शोधांत आपल्या शब्दाचा वाटा किती, आणि निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च वाट्याला १०० मानले तर बाकीचे किती, असे ते माप आहे. दिवाळीच्या सुट्टीत इतर शोध वाढले तर लसीचे शोध तेवढेच राहूनही रेघ खाली जाते. शून्य दिसले म्हणजे कुणी शोधले नाही असे नाही, दाखवण्याइतके शोध झाले नाहीत, एवढेच. मराठी शब्दांच्या बाबतीत हे वारंवार होते. ही आकडेवारी नमुन्यावर काढलेली असते, त्यामुळे तोच शब्द, तोच काळ टाकूनही आज आणि उद्या आकडा थोडा बदलतो. कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांसाठी चार-पाच वेगवेगळ्या दिवशी आकडे उतरवून सरासरी घ्यावी. एका दिवसाच्या उतरवलेल्या आकड्यावर बैठकीत निर्णय घेऊ नये.

काळ निवडला की बारकावा आपोआप ठरतो. शेवटचे ७ दिवस घेतले तर तासागणिक आकडे मिळतात, सुमारे नऊ महिन्यांपर्यंत दिवसागणिक, पाच वर्षांपर्यंत आठवड्यागणिक, त्यापुढे महिन्यागणिक. डोसानंतरच्या रात्रीचे प्रश्न पाहायचे तर सात दिवसांचा आलेख घ्या. पाच वर्षांच्या आलेखात ते कधीच दिसणार नाहीत. जुन्या मोहिमांशी तुलना करताना आणखी सांभाळावे. १ जानेवारी २०१६ आणि १ जानेवारी २०२२ ला गुगलने माहिती गोळा करण्याची पद्धत बदलली, आलेखावर तशी खूणही असते. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. तिची रेघ आणि आजची रेघ शेजारी ठेवून ‘लोकांची आस्था घटली’ म्हणणे चूक ठरेल.

एका वेळी मोजक्याच शब्दांची तुलना होते. जास्त शब्द हवे असतील तर प्रत्येक गटात एक शब्द कायम ठेवावा आणि बाकीचे त्याच्या मापाने मोजावेत. हा शब्द ‘पोलिओ’ घेऊ नका, पल्स पोलिओच्या रविवारी तोच उसळतो आणि बाकी सगळे खुजे दिसतात. ‘बाळाचे वजन’ असा बारमाही शब्द बरा. ‘ब्रेकआउट’ असे लिहिलेले दिसले की घाबरून जाऊ नये. पाच हजार टक्क्यांहून जास्त वाढ एवढाच त्याचा अर्थ. आधी शोध नगण्य असतील तर मोजक्या लोकांनीही ती वाढ होते.

शब्द निवडताना सोलापूरचे वेगळेपण पुढे येते. हिंदीत लसीला ‘टीका’ म्हणतात. हा शब्द महाराष्ट्रासाठी टाकला तर ‘विरोधकांची टीका’ असल्या बातम्यांचे शोध त्यात मिसळतात आणि निवडणुकीच्या दिवसांत लसीकरणाची आस्था शिगेला पोहोचल्यासारखी दिसते. ‘टीकाकरण’ घेतले तर हा घोळ टळतो. इंग्रजी अक्षरांत ‘लस’ (las) टाकले तर अमेरिकेतले लास वेगास शहर आडवे येते. गोवर-रुबेलाच्या लसीचे ‘एमआर’ हे लघुरूप एकटे निरुपयोगी आहे, कारण ते इतर अर्थांनीही शोधले जाते. जोडशब्दच घ्यावेत: ‘गोवर लस’, ‘बीसीजी गाठ’ (बीसीजी म्हणजे क्षयरोगावरची लस), ‘पेंटा ताप’, ‘दीड वर्षाचा डोस’. घराघरांत ‘लसीकरण’ हा शब्द कमी आणि ‘डोस’, ‘इंजेक्शन’, ‘सुई’ जास्त चालतात. धनुर्वाताला ‘टीटी’च म्हणतात, आता लस ‘टीडी’ झाली असली तरी. प्रत्येक जोडशब्द देवनागरीत, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत अशा चार रूपांत टाकावा. दहा प्रश्नांची चाळीस रूपे झाली की यादी पुरेशी होते.

शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरे आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड घरे आहेत. त्यांतल्या पुष्कळांचे शिक्षण मराठी शाळेत झाले, घरची भाषा बोलतात पण तिची लिपी वाचत नाहीत. म्हणून तेलुगू-कन्नड लिपीतले शोध कमी दिसले तर त्या घरांना प्रश्नच नाहीत असे समजू नये. ते बोलून विचारतात किंवा यूट्यूबवर शोधतात. ट्रेंड्समध्ये वेब शोधाऐवजी यूट्यूब शोध निवडता येतो, तो वेगळा पाहावा. आणि या घरांसाठी छापील पत्रकापेक्षा एका मिनिटाचा बोलका व्हिडिओ कामाचा, तोही त्याच वस्तीत काम करणाऱ्या आशाताईंच्या किंवा सिस्टरच्या आवाजात.

ठिकाणाबाबतही आशा माफक ठेवावी. भारतासाठी ट्रेंड्स राज्यापर्यंत नीट उतरते, खाली शहरांची तुलना मिळते, जिल्हा आणि तालुका मिळत नाहीत. करमाळा आणि सांगोला वेगळे करता येणार नाहीत. मोबाईल डेटावरून केलेला शोध पुष्कळदा कंपनीच्या पुण्या-मुंबईतल्या जाळ्यावर नोंदला जातो. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात बाहेरचे लाखो फोन येतात, तेही हिशेबात धरावे. म्हणून महाराष्ट्राची रेघ हीच मुख्य धरावी आणि सोलापूरपुरते काय हे दुसऱ्या साधनांनी पाहावे.

ती साधने आपल्या हातात आहेत. आपले संकेतस्थळ गुगलच्या सर्च कन्सोल या साधनाला जोडले की कोणते वाक्य शोधल्यावर आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले, हे सोळा महिने मागेपर्यंत कळते. फार थोड्यांनी शोधलेली वाक्ये खासगीपणासाठी लपवलेली असतात. एखादे पान खूप वेळा दिसते पण कुणी उघडत नाही, याची दोन कारणे संभवतात: मथळा प्रश्नाशी जुळत नाही, किंवा उत्तर शोधयंत्राने पानाच्या वरच देऊन टाकले आहे. दुसऱ्या कारणात ते वरचे उत्तर बरोबर आहे का, हे महिन्यातून एकदा स्वतः शोधून तपासावे. गुगलच्या नकाशावर प्रत्येक नागरी आरोग्य केंद्राची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंद असते. तिचा ताबा विभागाने रीतसर घेतला की किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, तेही दिसते. चुकीची वेळ लिहिलेल्या नोंदीमुळे एखादी आई बंद दारावरून परत गेली, तर तिला शंकेखोर म्हणता येणार नाही. सर्व केंद्रांच्या वेळा, डोसाचे वार आणि फोन तपासणे हे या पत्रातले सर्वांत सोपे काम आहे. पहिले तेच करावे.

शोधांत न दिसणारी माणसेही आहेत आणि बहुधा डोस त्यांचेच चुकतात. ज्या घरात एकच फोन आणि तो कारखान्यावर गेलेल्या माणसाच्या खिशात, त्या घरातल्या विडी वळणाऱ्या बाईचा प्रश्न गुगलला कळत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या फडात तर नेटवर्कचाच पत्ता नसतो. यासाठी प्रत्येक लसीकरण सत्रावर एक वही ठेवा. आलेला प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत, नाव न लिहिता, एका ओळीत. महिन्याच्या शेवटी वहीतले प्रश्न आणि शोधांतले प्रश्न शेजारी ठेवले की फरक दिसतो. वहीत आहे पण शोधांत नाही, असा प्रश्न आला की तो फोन नसलेल्या घरांचा आहे असे समजून आशाताईंच्या बैठकीत घ्यावा. १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर आलेल्या प्रश्नांचा गोषवारा मिळाला तर तोही जोडावा.

उत्तर कसे लिहावे, याबद्दल आमचे मत ठाम आहे. मथळा म्हणजे लोकांचा प्रश्न, जसा विचारला तसा. पहिल्या वाक्यात उत्तर. मग काय करावे, काय करू नये, दवाखान्यात कधी यावे, आणि शेवटी तारीख. सरकारी संकेतस्थळांवर सर्रास आढळणारा दोष असा की वेळापत्रक स्कॅन करून चित्र म्हणून टाकलेले असते, किंवा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असते. युनिकोड (सर्व संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेली अक्षरे आपल्याला मराठी दिसतात, यंत्राला ती निरर्थक चिन्हे वाटतात. उत्तर असूनही सापडत नाही. साधा युनिकोड मजकूर, मोबाईलवर बोटाने न ताणता वाचता येईल इतकाच, एवढे केले तरी अर्धे काम होते.

नमुन्यादाखल एक देतो. ‘बीसीजीच्या जागी पू झाला, काय करावे?’ याचे उत्तर असे: बहुतेक बाळांना असे होते आणि हे लस लागू पडत असल्याचे लक्षण आहे. डोसानंतर दोन ते सहा आठवड्यांत डाव्या दंडावर लहान गाठ येते, ती फुटून पाणी किंवा थोडा पू येतो, खपली धरते आणि बारीक व्रण राहतो. यात काही आठवडे जातात. जागा कोरडी व स्वच्छ ठेवा. मलम, हळद, पावडर लावू नका, दाबू नका, घट्ट पट्टी बांधू नका. काखेत मोठी गाठ आली, जखम वाढत चालली किंवा सोबत ताप आला तर केंद्रात दाखवा. व्रण उमटला नाही तरी पुन्हा बीसीजी द्यायची गरज नाही. हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण ‘खूण नाही, म्हणजे लस फुकट गेली’ असे सांगणारी आजी प्रत्येक गल्लीत आहे.

दुसरा हमखास प्रश्न चुकलेल्या डोसाचा. ‘दोन महिने उशीर झाला, पहिल्यापासून सुरू करावे लागेल का?’ नाही. जिथे थांबले तिथून पुढे द्यायचे, पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवायचे. पेंटा पहिल्या वाढदिवसाआधी सुरू व्हायला हवी, गोवर-रुबेला मात्र पाच वर्षांपर्यंत देता येते. कार्ड हरवले तरी यावे. उशिरा आल्याबद्दल रागावणार नाही, हेही लिहावे. सत्रावर बोलणी खावी लागतील या भीतीने न आलेली आई कोणत्याही आकडेवारीत ‘नकार’ म्हणूनच मोजली जाते.

‘खासगीत ताप न येणारी लस मिळते, मग सरकारी का घ्यावी?’ या प्रश्नाला बगल देऊ नये. खासगीतल्या त्या लसीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे फक्त काही अंश असतात, म्हणून ताप कमी येतो. सरकारी लसीत पूर्ण मृत जंतू असतो, ताप जास्त वेळा येतो, पण डांग्या खोकल्यापासूनचे संरक्षण अधिक काळ टिकते. असे सरळ लिहिले की आई-बाप समजून घेतात.

आणि ज्या शोधाला तासांचा हिशेब आहे तो ‘कुत्रा चावला तर काय करावे’. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही समजूत अजून जिवंत आहे आणि त्या भीतीने लोक मिरची, चुना लावून घरी बसतात. पोटातली इंजेक्शने केव्हाच बंद झाली. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी, टाके घालण्याची घाई करू नये, लगेच दवाखाना गाठावा. कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन जागी ०.१ मिली. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८ असे पाच डोस. रक्त आलेल्या जखमेत सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, हेही लागते. या उत्तराच्या शेवटी, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही शहरात रात्री कुठे मिळतात आणि तालुक्यांत कुठे, हे नाव-पत्त्यानिशी हवे. ती यादी फक्त आपणच देऊ शकता.

दोन बाबतींत मात्र आमचा आग्रह आहे. शोधांच्या आधारे कोणत्याही वस्तीवर, भाषेवर, समाजावर ‘लसविरोधी’ असा शिक्का बसता कामा नये. या आकड्यांत तेवढी ताकदच नाही, आणि असा शिक्का बसला की त्या वस्तीत सिस्टरला पुढची कित्येक वर्षे दार उघडत नाही. तसेच लसीच्या माहितीच्या पानांवर जाहिरातदारांचे पाळत ठेवणारे सांकेतिक तुकडे (ट्रॅकिंग कोड) लावू नयेत, फोन नंबर मागू नये. प्रश्न विचारायला ओळख द्यावी लागणार नाही, म्हणून तर लोक रात्री मोबाईलला विचारतात.

कृती दलाच्या येत्या बैठकीत हा विषय दहा मिनिटांसाठी घ्यावा आणि दोन गोष्टी ठरवाव्यात: यादी कोण करील, आणि उत्तरावर कोण सही करील. पहिल्या महिन्यात पाच प्रश्न पुरेत: तापाचे औषध, बीसीजीचा पू, चुकलेला डोस, कुत्र्याचा चावा, आणि आपल्या प्रभागातले सत्र कधी व कुठे. पाचही उत्तरे मराठीत लिहून, मराठी, हिंदी, तेलुगू आणि कन्नडमध्ये बोलून. चाळीस शब्दरूपांची यादी, रकान्यांचा तक्ता आणि सत्रावरच्या वहीचे एक पान आम्ही तयार करून देऊ. विभागाने नेमलेल्या व्यक्तीला एका दुपारी बसून शिकवूही. वैद्यकीय मजकूर मात्र आपल्याच अधिकाऱ्यांनी तपासावा.

कळावे,
सार्वजनिक आरोग्य आणि माहिती विश्लेषण या क्षेत्रांत काम करणारे काही सोलापूरकर